दादाच्या कर्जफेड योजनेत आईचं घर: हिस्सा कुणाचा, किंमत कोणती?

कोथरूडची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या वकिलांशी बोलणं चालू आहे, पण अशातून गेलेल्या किंवा हे जवळून पाहिलेल्या लोकांचं मत हवं आहे, म्हणून हा धागा.

माझ्या मोठ्या भावाची भोसरी एमआयडीसीत मशीनिंगची कंपनी होती, प्रायव्हेट लिमिटेड. कॅश क्रेडिट आणि टर्म लोन, दोन्हींना दादाची वैयक्तिक हमी होती. कंपनी नादारीत गेली. मशिनरी विकून बँकेचं थोडंच वसूल झालं, म्हणून उरलेल्या रकमेसाठी बँकेने हमीदार या नात्याने दादाविरुद्ध मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ९५ खाली अर्ज केला. तो दाखल करून घेतला गेला आहे. ही प्रक्रिया चालवणारे रिझोल्युशन प्रोफेशनल नेमले आहेत आणि आता दादाने रिपेमेंट प्लॅन, म्हणजे कर्जफेडीची योजना, द्यायचा आहे.

अडलंय ते घरावरून. कोथरूडचा टू बीएचके बाबांनी घेतलेला, नोंदणीकृत करारनामा बाबांच्या एकट्याच्या नावावर. बाबा गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत दादा नॉमिनी, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढलं. आई, मी आणि धाकटा भाऊ, आम्ही कुणीही कुठल्याच कागदावर हक्क सोडलेला नाही. घर गहाण नाही. पण हमी देताना दादाने जे नेटवर्थ स्टेटमेंट दिलं, त्यात पूर्ण फ्लॅट स्वतःचा दाखवला.

बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत १ कोटी २० लाख काढली आहे. बँक म्हणते, एवढी रक्कम प्लॅनमध्ये दाखवा, नाहीतर आमचं मत विरोधात. आई ७८ वर्षांची आहे आणि दादा-वहिनींबरोबर तिथेच राहते. वहिनी म्हणतात, घर चटकन आईच्या नावावर करू. धाकटा म्हणतो, दादाने कारखान्यासाठी बाबांकडून पैसे घेतले होते, म्हणजे या घरात त्याचा हिस्सा उरलाच नाही, तसंच सांगू. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरा मार्गही दिसत नाही.

पौडफाटा

वहिनी बरोबर सांगताहेत. दादाकडून आईच्या नावे हक्कसोडपत्र करून घ्या आणि मोकळे व्हा. बँकेकडे गहाणखत नाही, म्हणजे घरावर तिचा थेट बोजा नाही. उशीर केलात तर हातचं जाईल.

सीए_नारायणपेठ

कृपया हे अजिबात करू नका. पौडफाटा यांचा हेतू चांगला आहे, पण या टप्प्यावर त्या सल्ल्याने दादा अडकेल आणि घरही अडकेल.

अर्ज दाखल करून घेतल्यावर कलम १०१ चा मोरॅटोरियम, म्हणजे स्थगिती, लागतो. तो १८० दिवस किंवा प्लॅनवर आदेश होईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोपर्यंत चालतो. त्याने बँकेची वसुली थांबते हे सगळे सांगतात. त्याच कलमात असंही आहे की या काळात ऋणकोने आपली कुठलीही मालमत्ता किंवा तिच्यातला हक्क कुणाच्या नावे करायचा नाही, गहाणही टाकायचा नाही. हक्कसोड म्हणजे हक्काचं हस्तांतरणच. शिवाय पुढे प्रकरण दिवाळखोरीत गेलं, तर दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतले कमी मोबदल्याचे व्यवहार कलम १६४ खाली उलटवता येतात. आईला फुकट दिलेला हिस्सा त्यात पहिला सापडेल.

धाकट्या भावाचं म्हणणंही सोडून द्या. 'बाबांनी त्याला आधीच दिलं होतं' हा घरातला हिशेब आहे. त्याचा कागद नसेल तर वारसाहक्काचा हिस्सा त्याने कमी होत नाही. आणि दादाने मालमत्तेच्या विवरणात 'माझा हिस्सा नाही' असं लिहिलं, तर ती खोटी माहिती ठरेल, ज्याला संहितेत शिक्षा आहे.

ताई, तुमची बाजू मुळात भक्कम आहे. ती खोट्याने कमकुवत करू नका. दादाचा हिस्सा स्वच्छ मान्य करा. भांडायचं ते तो किती आणि त्याची किंमत काय यावर.

माजी_सेक्रेटरी_कर्वेनगर

सोसायटीचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून नॉमिनीबद्दल लिहितो. हा गैरसमज पुण्यातल्या निम्म्या घरांत असेल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने पत्रव्यवहार कुणाशी करायचा, मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, एवढ्यासाठी ती सोय. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत 'तात्पुरता सभासद' असंच म्हटलं आहे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये नॉमिनी हा वारसांना डावलून मालक होत नाही हेच सांगितलं. ते प्रकरण कंपनीच्या शेअर्सचं होतं, पण वारसाहक्काचा कायदा नॉमिनेशनने बदलत नाही हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे.

तेव्हा हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, दादा, तुम्ही आणि धाकटा, चौघं वर्ग एकचे वारस. आजी, म्हणजे बाबांची आई, त्या वेळी हयात नव्हती ना? असली तर पाच हिस्से होतात. नसेल तर प्रत्येकी एक चतुर्थांश.

सोसायटीकडून नॉमिनेशन फॉर्मची, नाव चढवण्याच्या ठरावाची आणि त्या वेळी घेतलेल्या हमीपत्राची प्रत मागून घ्या. बऱ्याच सोसायट्या नॉमिनीकडून 'इतर वारसांचे हक्क अबाधित' असं लिहून घेतात. ते सापडलं तर बँकेच्या वकिलाला फार बोलायला जागा राहणार नाही.

कोथरूडची_लेक

आजी बाबांच्या आधीच गेली होती. म्हणजे चार हिस्से. पण काका, बँकेचा मुद्दा वेगळा आहे. ते म्हणतात, तुमच्या भावाने स्वतः लिहून दिलं की फ्लॅट माझा आहे, आम्ही त्यावर विसंबून कर्ज दिलं.

निवृत्त_वसुली_अधिकारी

राष्ट्रीयीकृत बँकेत वसुली विभागात होतो. बँक असं म्हणणारच. फाइलवर तो कागद आहे आणि तो वापरला नाही तर उद्या ऑडिटमध्ये त्या अधिकाऱ्यालाच विचारतील.

पण त्याचं वजन किती ते बघा. दादाने जे स्वतःचं नाही ते स्वतःचं लिहिलं, त्याचा जाब दादाला विचारता येईल. आई, बहीण, धाकटा भाऊ यांचे हिस्से त्याच्या सहीने बँकेचे होत नाहीत. घर गहाण असतं तर कथा निराळी झाली असती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४१ आहे, दिसणाऱ्या मालकाकडून चांगल्या हेतूने मोबदला देऊन घेणाऱ्याला संरक्षण देणारं. बँकेने ते धरून जोर लावला असता आणि तुम्हा तिघांना तुमची संमती नव्हती हे दाखवत बसावं लागलं असतं. इथे गहाणखतच नाही. नेटवर्थ स्टेटमेंट म्हणजे माहिती. त्याने बोजा बसत नाही.

आता बँकेच्या जागी बसून विचार करा. प्लॅन मंजूर व्हायला सभेत हजर राहून मतदान करणाऱ्या धनकोंच्या कर्जाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त मूल्याची मतं लागतात. मोठी बँक एकच असेल तर तिचं मत म्हणजेच निकाल. ती नाही म्हणाली तर प्लॅन पडतो आणि दिवाळखोरीच्या अर्जाचा रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होतो. लोक इथे घाबरतात आणि बँक मागेल ती रक्कम कबूल करतात. पण दिवाळखोरीत बँकेच्या हाती काय येईल? दादाची मालमत्ता विकून धनकोंना वाटणाऱ्या ट्रस्टीकडे दादाचा अविभाजित चौथा हिस्सा येईल. तो लिलावात घेणार कोण? ज्या घरात म्हातारी आई राहते, तिथला चौथा हिस्सा घेऊन बाहेरच्या माणसाला राहायला जाता येत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला एकत्र ताबा मिळत नाही, हे त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मध्ये आहे. वाटपाचा दावा लावावा तर शिवाजीनगर कोर्टात वर्षं जातात. आणि त्याने दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ ने घरच्यांना त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत घ्यायचा हक्क आहे. समजदार बोलीदार असल्या मालमत्तेला हात लावत नाही.

बँकेतल्या वरिष्ठांना हे पक्कं ठाऊक असतं. फक्त कुणीतरी ते कागदावर मांडावं लागतं, म्हणजे त्यांना मंजुरीच्या टिपणीत लिहिता येतं. १ कोटी २० लाखांचा आकडा धरून त्यांच्याशी घासाघीस करू नका. सुरुवातच '३० लाखांचा हिस्सा आणि त्यावरची अडचणीची घट' इथून करा.

सौदागरकर

माझा प्रसंग थोडा वेगळा, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या उपयोगी पडेल. आमचा पिंपळे सौदागरचा फ्लॅट बँकेकडे गहाण होता, मी आणि बायको दोघंही कर्जदार. तिथे हिस्स्याचा वाद चाललाच नाही, दोघांच्या सह्या होत्या. वाद झाला राखीव किमतीवर. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) च्या नोटिशीत थकबाकी भरायला ६० दिवस असतात. त्या काळात लेखी हरकत दिली तर बँकेला लेखी उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत पुण्याच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायची मुभा. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच पैसे भरून घर सोडवता येतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसं झालं आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. लिलावाच्या दिवसापर्यंत वाट बघत बसू नका.

ताईंना एकच विचारतो. हा एनसीएलटीचा मार्ग आमच्यासारख्यांना मिळतो का?

सीए_नारायणपेठ

सौदागरकर, सध्या नाही. नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना लागू झाला. साध्या गृहकर्जदाराला किंवा क्रेडिट कार्डवाल्याला बँकेशी एकरकमी तडजोड किंवा पुनर्रचना हेच पर्याय.

ताई, किमतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी लढाई तिथे आहे.

बँकेच्या व्हॅल्युअरने बहुधा पूर्ण फ्लॅट, रिकामा ताबा, उघड्या बाजारातली विक्री असं धरून आकडा काढला आहे. त्याच्याकडे गेलेल्या कागदांत मालक एकटा दादा असेल तर तो तरी दुसरं काय करणार? त्याला चुकीचं ठरवण्यात वेळ घालवू नका. तुमचा स्वतःचा नोंदणीकृत व्हॅल्युअर लावा आणि त्याला प्रश्नच वेगळा द्या: 'आई आणि इतर सहमालक ताब्यात असताना अविभाजित एक चतुर्थांश हिस्सा आज किती किमतीला विकला जाईल?' त्याने घट किती धरली आणि का धरली, याची कारणं अहवालात यायला हवीत. रेडीरेकनरचा आकडा मुद्रांकासाठी असतो, तो इथे शेवटचा शब्द नव्हे. पण त्याच्या फार खाली गेलात तर आयकराचे प्रश्न उभे राहतात, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक. दिवाळखोरीत काही मालमत्ता वगळल्या जातात, त्यात बोजा नसलेलं एकमेव राहतं घर येतं, पण शहरी भागात २० लाखांच्या मर्यादेपर्यंतच. पुण्यात वन आरके सुद्धा त्यात बसत नाही, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. दादाच्या हिश्श्याची किंमत घट धरून त्या रेषेच्या आसपास आली, तर तुमचे वकील हा मुद्दा उभा करू शकतील. तो नक्की मान्य होईल या भरवशावर मात्र बसू नका. बोलणी करताना बँकेला त्याची जाणीव असणं एवढाही फायदा पुरेसा आहे.

वाचक_सहकारनगर

मला एक खटकतंय, स्पष्ट लिहिते. ताई, तुम्ही 'आमचे वकील' म्हणता. ते दादाचे वकील आहेत की तुमचे? दादाला प्लॅन मंजूर व्हायला हवा आहे, त्यासाठी घरातली जास्त रक्कम देऊ करणं त्याच्या सोयीचं असू शकतं. तुम्हाला आईचा आणि स्वतःचा हिस्सा वाचवायचा आहे. भाऊ कितीही जवळचा असला तरी इथे हित वेगळं आहे. रिझोल्युशन प्रोफेशनलही दादाचा माणूस नाही आणि तुमचाही नाही. आई, तुम्ही आणि धाकटा, तिघांनी मिळून स्वतंत्र वकील करा.

कोथरूडची_लेक

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही, पण तुमचं खरं आहे. वकील दादाचेच आहेत. आम्ही तिघं वेगळ्या वकीलबाईंना भेटलो. त्यांनी हेच सांगितलं की तुमचा अर्ज दादाच्या प्लॅनचा भाग म्हणून जायला नको, सहमालक म्हणून स्वतंत्र जायला हवा.

बाबांच्या करारनाम्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधून मिळाला, प्रमाणित प्रत हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून काढायला दिली आहे. सोसायटीच्या फाइलमध्ये ते हमीपत्र खरंच सापडलं, काका. इतर वारसांचे हक्क अबाधित राहतील असं दादाच्याच सहीने आहे आणि त्याची तारीख नेटवर्थ स्टेटमेंटच्या आधीची आहे. वारस दाखल्यासाठी १८२७ च्या मुंबई विनियमाखाली अर्ज करायला वकीलबाईंनी सांगितलंय. तो यायला वेळ लागेल, तोवर प्रतिज्ञापत्र आणि बाबांचा मृत्यूचा दाखला जोडणार.

आता दोन नवे प्रश्न. दादाचा हिस्सा मी विकत घ्यायला तयार आहे, नवऱ्याचीही संमती आहे. ते कसं बसवायचं? आणि आमची इमारत जुनी आहे, सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. बँकेला ते कुठून तरी कळलं आणि आता ते म्हणताहेत, पुनर्विकासानंतर फ्लॅट मोठा होणार, मग आजच्या किमतीला हिस्सा कसा देऊ?

निवृत्त_वसुली_अधिकारी

बहिणीने हिस्सा घेणं हा या सगळ्यातला सर्वांत सरळ मार्ग. बँकेला रोख मिळते, आईचं छप्पर राहतं, दादाची सुटका होते. मात्र व्यवहार आत्ता करू नका. मोरॅटोरियममध्ये दादा विकू शकत नाही. प्लॅनमध्येच लिहा की एनसीएलटीची मंजुरी आल्यावर अमुक दिवसांत बहीण अमुक रक्कम भरेल आणि दादा तिच्या नावे नोंदणीकृत खरेदीखत करून देईल. पैसे दादाच्या खात्यात न जाता प्लॅनमध्ये ठरलेल्या खात्यातच जातील, हेही लिहा. बँका या ओळीवर खूश होतात.

पैसे कुठून येणार त्याचा पुरावा लागेल. अविभाजित हिस्सा घेण्यासाठी गृहकर्ज सहज मिळत नाही. कर्ज देणारी बँक पूर्ण फ्लॅट तारण मागते, म्हणजे आई आणि धाकट्याच्या सह्या. आईचं घर पुन्हा गहाण टाकायची वेळ येऊ देऊ नका. मुदतठेव, पीएफ, स्वतःच्या घरावरचं टॉपअप, जे शक्य असेल त्यातून करा.

सीए_नारायणपेठ

खर्चाचाही हिशेब धरा. पुणे मनपा हद्दीत खरेदीखताला अधिभारासह ७ टक्के मुद्रांक शुल्क, घेणारी एकटी स्त्री असेल तर १ टक्का सवलत. म्हणून खरेदीखत फक्त तुमच्या नावे करा, नवऱ्याचं नाव जोडू नका. नोंदणी फी वेगळी. दादाला भांडवली नफ्यावरचा कर येईल. तो कोण भरणार हे प्लॅनमध्ये नसेल तर नंतर नवा तंटा.

माजी_सेक्रेटरी_कर्वेनगर

पुनर्विकासाचं मी सांगतो. सहकारी संस्था कायद्याच्या '७९ अ' कलमाखालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सर्वसाधारण सभा, ५१ टक्के सभासदांची संमती, आर्किटेक्टचा अहवाल, निविदा, विकसकाची निवड, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोरची सभा आणि मग नोंदणीकृत विकसन करार, एवढं सगळं व्हावं लागतं. तुमच्याकडे नुसती चर्चा आहे. कोथरूडमध्ये चर्चेला लागून वर्षानुवर्षं तशाच उभ्या असलेल्या इमारती मी दाखवतो. विकसन करार झालेला नसताना त्या वाढीव जागेची किंमत आज मागणं म्हणजे नसलेल्या वस्तूचे पैसे मागणं. सोसायटीकडून 'आजमितीस विकसकाची निवड झालेली नाही' असं पत्र घ्या आणि व्हॅल्युअरला द्या.

कोथरूडची_लेक

अपडेट देते. सहमालक म्हणून आमची लेखी हरकत सगळ्या कागदांसह रिझोल्युशन प्रोफेशनलकडे गेली, त्यांनी मालमत्तेच्या नोंदीत 'अविभाजित एक चतुर्थांश' अशी दुरुस्ती केली. हमीपत्राची तारीख बघितल्यावर बँकेने पूर्ण फ्लॅटचा आग्रह सोडला. दादाने स्वतः सभेत सांगितलं की माझा चौथा हिस्सा आहे आणि त्याची योग्य किंमत बँकेला मिळायला हवी. कंपनी बंद झाल्यापासून तो इतकं सरळ पहिल्यांदाच बोलला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. आमच्या व्हॅल्युअरने ३० लाखांवर घट धरून २१ लाख काढले, बँक २७ म्हणते. २४ च्या जवळपास जमेल असं दिसतंय.

फक्त पुनर्विकासाचं कलम राहिलंय. बँक म्हणते, पुढच्या पाच वर्षांत विकसन करार झाला तर वाढीव किमतीतला चौथा हिस्सा आम्हाला. हे मान्य करावं का?

निवृत्त_वसुली_अधिकारी

पाच वर्षं मान्य करू नका. पूर्ण नकार दिलात तर मत अडेल, म्हणून मधलं मागा: प्लॅन मंजूर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत विकसन करार नोंदला गेला तरच, फक्त तुम्ही विकत घेतलेल्या चौथ्या हिश्श्यापुरतं, आणि रकमेला वरची मर्यादा घालून. मर्यादा ३ लाखांची ठेवा. म्हणजे बँकेची पूर्ण २७ ची मागणी भागते आणि त्यांच्या अधिकाऱ्याला टिपणीत दाखवायला आकडा मिळतो. मुदत संपली की बँकेने कुठलाही दावा नसल्याचं पत्र ३० दिवसांत द्यायचं, हे त्याच कलमात घाला. आई आणि धाकट्याच्या हिश्श्यांचा त्याच्याशी संबंध नाही, हे वेगळ्या वाक्यात लिहून घ्या. मसुदा दादाच्या वकिलांनी केला तरी सही करण्याआधी तुमच्या वकीलबाईंनी तो वाचलाच पाहिजे.

कोथरूडची_लेक

कळलं. मसुदा उद्या वकीलबाईंकडे पाठवते. मतदानाच्या सभेची नोटीस आली की इथे लिहीन.